आन्येर ते पानारुकान : डान्डल्सच्या रस्त्याने जावा

पहिला दिवस : आन्येर

आन्येरच्या दीपगृहाजवळ या रस्त्याचा शून्य किलोमीटर आहे. जावा बेटाचा हा पश्चिम किनारा. समोर सुंदाची सामुद्रधुनी, आणि हवा निवळ असली तर लांबवर क्राकाताउ दिसतो. १८८३ साली तो ज्वालामुखी फुटला तेव्हाच्या लाटांनी जुनं आन्येर धुऊन नेलं, त्यामुळे आजचं पांढरं दीपगृह १८८५ सालचं आहे. आम्ही ज्याच्या मागावर आलो होतो तो माणूस या किनाऱ्यावर १ जानेवारी १८०८ रोजी उतरला. हर्मन विलेम डान्डल्स, डच ईस्ट इंडीजचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचा, नवा गव्हर्नर जनरल. नेमणूक जानेवारी १८०७ मधली. इंग्रजांच्या युद्धनौका चुकवत, पॅरिस-लिस्बनच्या वाटेने इथे पोचायला त्याला जवळजवळ वर्ष लागलं.

माझा थोरला भाऊ सोबत आहे. दादाची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, रस्त्यांवर गेली. मला डान्डल्स हा माणूस समजून घ्यायचा होता, दादाला त्याने बांधलेला रस्ता बघायचा होता. तो आन्येरपासून पानारुकानपर्यंत जातो, सुमारे एक हजार किलोमीटर, बेटाच्या या टोकापासून जवळपास त्या टोकापर्यंत. बांधणारा इथे जेमतेम सव्वातीन वर्षं होता.

डान्डल्सने मला फार वर्षं अस्वस्थ ठेवलं आहे. १७६२ साली हॉलंडमधल्या हाटेम या लहानशा गावी त्याचा जन्म. शिक्षण कायद्याचं. ऑरेंज घराण्याच्या राजपुत्राची सत्ता कमी करून नागरिकांना हक्क द्या, असं म्हणणाऱ्या ‘पेट्रियट’ चळवळीत तो होता. १७८७ मध्ये प्रशियाच्या फौजेने ती चळवळ चिरडली आणि त्याला फ्रान्सला पळावं लागलं. तिथे त्याने क्रांती जवळून पाहिली, क्रांतीच्या सैन्यात शिरला आणि १७९५ साली त्याच सैन्याबरोबर सेनापती म्हणून मायदेशी परतला. राजपुत्र पळाला, बटावियन प्रजासत्ताक आलं. मग नेपोलियनने आपला भाऊ लुई याला हॉलंडचा राजा केलं, आणि या जुन्या क्रांतिकारकाने त्या राजाची मार्शलकी स्वीकारली. समतेसाठी घरदार सोडणारा माणूस परक्या भूमीवर हजारो लोकांना वेठीला धरतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललेलं असतं? हा प्रश्न घेऊन मी इथे आले.

दुसरा दिवस : बांतेन

आन्येरहून गाडीने दीड-दोन तासांत जुन्या बांतेनला पोचलो. जुन्या मशिदीत यात्रेकरूंची गर्दी, मिनारापाशी रांग, खजूर आणि टोप्या विकणारी दुकानं. शेजारीच सुरोसोवान राजवाड्याचा तट आहे. आत शिरलं की वाडा नाही, नुसती जोती. हौद आहेत, फरसबंदीचे तुकडे आहेत, गवतात शेळ्या चरत आहेत.

हे डान्डल्सचं काम. पश्चिम टोकाला आरमारी तळ हवा म्हणून त्याने बांतेनच्या सुलतानाकडे मजूर मागितले. उजुंग कुलोनच्या दलदलीत गेलेली माणसं तापाने मरत होती, पळून जात होती, आणि सुलतान आणखी माणसं द्यायला तयार होईना. नोव्हेंबर १८०८ मध्ये इथला डच अधिकारी दु पुई मारला गेला. डान्डल्स स्वतः फौज घेऊन आला. वाडा फोडला, सुलतानाच्या प्रधानाला ठार केलं आणि सुलतानाला आम्बोन बेटावर पाठवून दिलं. जावात पाय ठेवून त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

दादा तटाच्या विटा हाताने चाचपत होता. जाडी पाहून म्हणाला, “हे पाडायला बांधण्याइतकीच माणसं लागली असतील.” पाडणारे मजूरही इथलेच असणार.

तिसरा दिवस : जकार्ता

जकार्ताच्या जुन्या भागात डचांची १७१० सालची नगरकचेरी उभी आहे, पण बटावियाचा (जकार्ताचं हे तेव्हाचं डच नाव) किल्ला शोधायला गेलात तर सापडणार नाही. डान्डल्सने तो पाडला, शहराची तटबंदीही पाडली. बटाविया तेव्हा युरोपीयांचं स्मशान म्हणून ओळखलं जाई. सडलेले कालवे, मत्स्यतळी, डास. त्याने सैन्य आणि सरकार दक्षिणेला, उंच कोरड्या जमिनीवर वेल्तेव्रेडनला हलवलं. किल्ल्याचं सामान वापरून तिथे १८०९ मध्ये एक भव्य वाडा बांधायला घेतला. तो पुरा झाला १८२८ साली, म्हणजे डान्डल्सच्या मरणानंतर दहा वर्षांनी. आता बांतेंग मैदानाच्या कडेला अर्थमंत्रालयाच्या आवारात तो दिसतो. पांढरा, लांबलचक, खांबांचा. आम्ही रस्त्यावरूनच पाहिला.

त्याच्यापुढचं संकट समजून घेतल्याशिवाय त्याची घाई कळत नाही. डच ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडून १७९९च्या अखेरीस संपली होती. समुद्र इंग्रजांचा होता. तो येण्याच्या थोडंच आधी, डिसेंबर १८०७ मध्ये, इंग्रज आरमाराने पूर्व जावात ग्रेसिकपर्यंत जाऊन उरलीसुरली डच जहाजं निकामी केली होती. हॉलंडहून मदत येणं अशक्य. समुद्राने फौज हलवणं म्हणजे ती शत्रूच्या तोंडी देणं. मग जमिनीवरून हलवायची, आणि त्यासाठी रस्ता हवा. त्याच रस्त्याने डोंगरातली कॉफी खाली येणार होती आणि टपालही जाणार होतं. म्हणून नाव पडलं ‘मोठा टपालरस्ता’.

कारभारातही त्याने हात घातला. जावाचे जिल्हे पाडले, न्यायालयं बसवली, अधिकाऱ्यांचे पगार वाढवून नजराणे आणि वरकमाई बंद करू पाहिली. बुपाती म्हणजे स्थानिक वंशपरंपरागत सरदार, आपल्याकडच्या देशमुखांसारखे. त्यांना त्याने सरकारी हुद्दे देऊन नोकर केलं. हे सगळं फ्रेंच क्रांतीच्या शाळेतलं आहे : जुने मान मोडा, एक नियम सगळ्यांना लावा. यातलं बरंच मला आजही पटतं. पण नियम करणारा वरचा आणि पाळणारे खालचे, यांच्यात बोलणंच नव्हतं. लोक त्याला ‘तुआन गुंतुर’, मेघगर्जनेचा साहेब, म्हणत.

चौथा दिवस : बोगोर आणि पुंचाक

बोगोरच्या राजवाड्याच्या हिरवळीवर चितळ चरतात. आपल्या ताडोबात दिसतात तेच, पांढऱ्या ठिपक्यांचे. डान्डल्सच्या काळात हिंदुस्थान-नेपाळच्या सीमेकडून काही जोड्या आणल्या आणि त्यांचीच ही पिलावळ, असं इथे सांगतात. कुंपणाबाहेर मुलं त्यांना गाजरं देत उभी होती.

या बोगोरचं डच नाव बॉइटेनझॉर्ग. इथली सरकारी जहागीर डान्डल्सने स्वतःकडे घेतली आणि तिचे तुकडे विकून पैसा केला. भ्रष्टाचार खणून काढायला आलेल्या माणसाचा हा व्यवहार त्याच्या शत्रूंनी अखेरपर्यंत उगाळला, आणि तो उगाळण्यासारखाच होता.

५ मे १८०८ रोजी त्याने बोगोर ते चिरेबोनजवळच्या कारांगसेंबुंगपर्यंतचा रस्ता फोडण्याचा हुकूम काढला. खरं कठीण काम हेच. उत्तर किनाऱ्यावर आधीपासून वाटा होत्या, तिथे जोडणं आणि रुंद करणं होतं. पण इथे समोर मेगामेंडुंगचा डोंगर. त्या हुकमात कुठल्या टप्प्यावर किती माणसं ते लिहिलेलं आहे. चिसारुआ ते चियांजुर या चढणीवर ४००, सगळे टप्पे मिळून ११००. मजुरी, तांदूळ आणि मीठ द्यायचंही लिहिलं आहे. पैसे अधिकाऱ्यांकडून बुपातींकडे आणि बुपातींकडून मजुरांकडे जायचे. मजुरांच्या हाती किती पडलं, यावर इतिहासकार अजून भांडतात.

आज पुंचाकच्या घाटात शनिवार-रविवारी मुंगीच्या पावलाने वाहनं चालतात. दोन्ही अंगांना चहाचे मळे (ते नंतरचे), भाजलेल्या मक्याचा धूर, आणि दुपारीच उतरलेलं धुकं. दादा खिडकीतून डोकं काढून चढ बघत होता. “घोडागाडीचा विचार करून वळणं घेतलीत,” म्हणाला, “पण चढ काही ठिकाणी फारच उभा ठेवलाय. घाई होती त्याला.” मॅकॅडमच्या खडीच्या रस्त्याचा बोलबाला अजून व्हायचा होता आणि सुरुंग लावण्याची सोयही फारशी नव्हती. पहार, कुदळ, पाट्या आणि माणसं. वरच्या अवघड टप्प्यांवर तर गाड्यांना म्हशी जुंपाव्या लागत. दादाने सांगितलं, आपला बोरघाटही गाड्यांना नीट खुला झाला तो १८३० मध्ये. त्याच्या बावीस वर्षं आधी हा चढ खणायला घेतला होता.

याच जागेवर डान्डल्सचं सर्वांत प्रसिद्ध चित्र बेतलेलं आहे. तो नकाशावर बोट ठेवून उभा आहे आणि ते बोट मेगामेंडुंगच्या रस्त्यावर आहे. चित्रकार जावाचाच, रादेन सालेह. चित्र १८३८चं, म्हणजे डान्डल्स जाऊन वीस वर्षं झाली होती. मूळ अॅम्स्टरडॅमच्या राईक्स संग्रहालयात आहे. मी फक्त छापील प्रत पाहिली आहे, पण त्यातलं ते बोट लक्षात राहतं.

पाचवा दिवस : बांडुंग

‘मी परत येईन तेव्हा इथे शहर उभं असलं पाहिजे,’ असं म्हणत डान्डल्सने इथे काठी रोवली, असं शाळेतल्या मुलांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे सांगतात. ती काठी लोककथेतली असेल, पण बुपातीने आपलं ठाणं दक्षिणेकडून हलवून रस्त्यालगत आणलं हे खरं आहे. २५ सप्टेंबर १८१० हा दिवस शहराचा वाढदिवस म्हणून पाळतात. शून्य किलोमीटरच्या खुणेशेजारी एक जुना वाफेचा रोड रोलर ठेवला आहे. दादा त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि मला फोटो काढायला लावला.

या रस्त्याचं आजचं नाव जालान आशिया-आफ्रिका. १९५५ साली इथेच, गेदुंग मर्देकामध्ये, आशिया-आफ्रिका परिषद भरली. नेहरू होते, चाऊ एन-लाय होते, नासर होते, यजमान सुकार्नो होते. वसाहतीचं राज्य टिकवायला काढलेल्या रस्त्यावर वसाहती संपवण्याचा ठराव झाला. सभागृहात बसून मी बराच वेळ तिथून हलले नाही.

सहावा दिवस : सुमेदांग आणि चिरेबोन

बांडुंगच्या पूर्वेला सुमेदांगच्या वाटेवर ‘चाडास पांगेरान’ लागतो. नावाचा अर्थ राजपुत्राचा खडक. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि वळणावर दोन पुतळे : डान्डल्स आणि सुमेदांगचा बुपाती, ज्याला लोक पांगेरान कोर्नेल म्हणतात. हस्तांदोलनासाठी गव्हर्नर जनरलने उजवा हात पुढे केला आहे. बुपातीने डावा हात दिला आहे, आणि त्याचा उजवा हात कट्यारीच्या मुठीवर. माझी माणसं या खडकात मरताहेत, आता लढायलाही तयार आहे, असं त्याने सांगितलं, ही इथली सर्वांत लाडकी कथा.

इथल्या जुन्या लेखात मात्र खडक फोडण्याच्या तारखा नोव्हेंबर १८११ ते मार्च १८१२ अशा आहेत. डान्डल्स तेव्हा जावात नव्हताच, राज्य इंग्रजांचं आलं होतं. भेट घडलेली नसणार. तरी ही कथा खोटी म्हणून बाजूला टाकायला माझं मन घेत नाही. मजुरांनी लिहून काही ठेवलं नाही. त्यांचा राग जिथे साठला ती जागा ही आहे. बारा हजार माणसं या रस्त्यावर मेली, असं सगळीकडे ऐकू येतं. त्या आकड्यावर जाणकारांत एकमत नाही. पण या कड्याखाली उभं राहिलं की माणसं मेली असणार यात शंका उरत नाही. दादा इथे काहीच बोलला नाही. खाली गटाराची आखणी तेवढी बघत राहिला.

सुमेदांगला गरम तळलेला टोफू खाल्ला आणि संध्याकाळी चिरेबोन गाठलं. रात्री नासी जांबलांग. सागाच्या पानात बांधलेला मूठभर भात, आणि मग मांडलेल्या ताटांतून हवं ते कालवण-तळण घ्यायचं. हे जेवण डान्डल्सच्या रस्त्यावरच्या मजुरांसाठी सुरू झालं, अशी इथल्या लोकांची धारणा आहे. सागाच्या पानात भात खराब होत नाही, म्हणून लांब कामावर जाणाऱ्यांना तो बांधून देत. विकणाऱ्या मावशी पान उलगडून दाखवत होत्या. आजीकडून शिकले, म्हणाल्या. त्या मजुरांपैकी कुणाचं नाव आम्हाला वाटेत कुठे आढळलं नव्हतं, पण त्यांचा डबा आमच्या समोर होता.

सातवा दिवस : सेमारांगकडे

उत्तर किनाऱ्याचा सपाट, रखरखीत रस्ता. ट्रक, मिठागरं, पेकालोंगानची बाटिकची दुकानं, आणि बातांगजवळचं अलास रोबानचं जंगल, ज्याच्या भुतांच्या गोष्टी आमच्या चालकाने मनापासून सांगितल्या. सेमारांगला पूर्वी ईशान्य किनाऱ्याचा स्वतंत्र डच गव्हर्नर असे, आणि तो जवळपास राजासारखा राही. मे १८०८ मध्ये डान्डल्सने ते पदच रद्द केलं. पदावरून गेलेला निकोलाउस एंगेलहार्ड त्याचा जन्माचा वैरी झाला. डान्डल्सवरच्या आरोपांतले कितीतरी अशा दुखावलेल्या लोकांनी लिहिले आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावं लागतं. डान्डल्सनेही १८१४ साली आपल्या कारभाराचा जाडजूड खुलासा छापला. दोन्हीकडे साहेबच बोलतात.

आठवा दिवस : योग्यकर्ता

टपालरस्ता इथून जात नाही. आम्ही मुद्दाम दक्षिणेला वळलो, कारण डान्डल्सची सगळ्यात मोठी चूक, माझ्या मते, इथे झाली.

सुलतानाच्या क्रातोनमध्ये, म्हणजे राजवाड्यात, अजून अनवाणी चालणारे सेवक दिसतात. गामेलान या जावाच्या वाद्यवृंदाचा सराव चालला होता. डचांचा रेसिडेंट या दरबारात येताना टोपी काढी, सुलतानाहून खाली बसे. जुलै १८०८ मध्ये डान्डल्सने हुकूम काढला : रेसिडेंट आता ‘मिनिस्टर’, तो हॉलंडच्या राजाचा प्रतिनिधी आहे. तो छत्र घेऊन येईल, टोपी काढणार नाही, सुलतानाच्या बरोबरीने बसेल, आणि त्याच्या स्वागताला सुलतान उठून उभा राहील. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीही त्याच काळात इंग्रज रेसिडेंट बसत होता. छत्र कुणाचं आणि आसन कुठे, यात राज्य असतं की जातं, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. डान्डल्सला ते कर्मकांड वाटलं. प्रजासत्ताकवादी माणसाला राजाचे मान फोल वाटणं साहजिक आहे, पण त्याने मान मोडला तो दुसऱ्या एका राजाचा मान वाढवण्यासाठी.

सुलतान दुसरा हामेंगकुबुवोनो पेटला. मादियुनचा सरदार रादेन रोंगो याने नोव्हेंबर १८१० मध्ये बंड केलं आणि १७ डिसेंबरला तो मारला गेला. डान्डल्स सुमारे ३३०० सैनिक घेऊन योग्यकर्त्यावर आला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सुलतानाला उतरवून मुलाला गादीवर बसवलं, आणि खजिनाही उपसला. पुढे जून १८१२ मध्ये इंग्रजांनी हाच क्रातोन तोफांनी फोडून लुटला. त्या फौजेत बंगालचे हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. योग्यकर्त्याचे लोक त्या प्रसंगाला आजही ‘गेगेर सेपेही’, म्हणजे शिपायांचा दंगा, म्हणतात. तटाच्या ईशान्य कोपऱ्यापाशी उभं असताना हे कळलं आणि मान खाली गेली. आपली माणसं इथे परक्याच्या पगारावर लुटायला आली होती. हे सगळं पाहणारा एक तरुण राजपुत्र होता, दिपोनेगोरो. १८२५ ते १८३० मध्ये त्याने डचांविरुद्ध पुकारलेल्या युद्धाचं बीज मला या तीन-चार वर्षांतल्या अपमानांत दिसतं.

नववा-दहावा दिवस : सुराबाया

परत उत्तर किनारा. रेंबांगकडची सागाची जंगलं डान्डल्सने सरकारी खात्याखाली आणली, जहाजांच्या लाकडासाठी. सुराबायाला त्याने शस्त्रांचा कारखाना काढला आणि खाडीच्या तोंडाशी राजा लुईच्या नावाचा किल्ला बांधला. बटावियाहून इथे यायला पूर्वी कित्येक आठवडे लागत. टपालरस्ता झाल्यावर, ठरावीक अंतरावरच्या चौक्यांत घोडे बदलत, ते अंतर आठवड्याच्या आत कापता येऊ लागलं. त्या काळासाठी हे थक्क करणारं आहे. दादा म्हणाला, रस्त्याची आखणी करणारा माणूस तो खरा, हे मान्य करायलाच हवं. मी मान्य केलं.

शेवटचा दिवस : पानारुकान

सुराबायाहून पहाटे निघालो. प्रोबोलिंगो, पायतोनचं अवाढव्य वीजकेंद्र, मग समुद्राला चिकटून जाणारा रस्ता. या भागाचं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. तिजोरी रिकामी पडल्यावर डान्डल्सने जमीन विकायला काढली. बेसुकी आणि पानारुकान सुराबायाच्या हान चान पित या चिनी धनिकाला, तर प्रोबोलिंगो त्याच्या भावाला, हान किक कोला, दहा लाख रिक्सडॉलरला. हे पैसे हप्त्यांनी यायचे होते, म्हणून त्यांच्या भरवशावर कागदी चलन छापलं, आणि त्याची किंमत घसरत गेली. शेतकऱ्यांवरचा बोजा वाढला. १८१३ मध्ये प्रोबोलिंगोत उठाव झाला आणि हान किक को त्यात मारला गेला.

पानारुकान आता मासेमारीचं साधं बंदर आहे. हजाराव्या किलोमीटरचं स्मारक रस्त्याच्या कडेला आहे, तिथे आम्ही थांबलो. बोटींना रंग देणाऱ्या दोघांना दादाने खुणांनी आणि मोडक्या शब्दांनी विचारलं, हा रस्ता कुणी केला? त्यांनी लगेच सांगितलं : डान्डल्स. आणि मजूर? “ओरांग किता,” एक जण म्हणाला. आमची माणसं.

जुलै १८१० मध्ये नेपोलियनने हॉलंडच फ्रान्सला जोडलं. फेब्रुवारी १८११ मध्ये डान्डल्सने जावावर फ्रेंच निशाण चढवलं आणि मे महिन्यात कारभार नव्या गव्हर्नर जनरलकडे, यान्सेन्सकडे, सोपवून तो निघाला. ऑगस्टमध्ये इंग्रज उतरले. २६ तारखेला बटावियाजवळच्या मेस्टर कॉर्नेलिसची तटबंदी पडली, १८ सप्टेंबरला यान्सेन्सने शरणागती लिहून दिली. ज्या शत्रूसाठी रस्ता बांधला तो शत्रू दीड-दोन महिन्यांत मालक झाला.

डान्डल्स नेपोलियनच्या रशियाच्या मोहिमेत गेला, बेरेझिना नदीवरून जिवंत परतला, मग पोलंडमधला मोडलिनचा किल्ला १८१३च्या अखेरीपर्यंत लढवला. नेपोलियन पडल्यावर हॉलंडच्या गादीवर ऑरेंज घराणं परत आलं, तेच, ज्याच्याविरुद्ध त्याने तरुणपणी बंड केलं होतं. त्याने त्या राजाकडेही चाकरी मागितली. राजाने त्याला दूर ठेवलं : पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानातल्या एल्मिनाला. १८१६ मध्ये तो तिथे पोचला आणि लगेच मळ्यांची, निळीची, कापसाची स्वप्नं पाहू लागला. गुलामांच्या व्यापारावर नुकतीच बंदी आली होती, त्याच्या जागी दुसरा व्यापार उभा करायचा होता. आणि अर्थात रस्ता : किनाऱ्यापासून आशांते राज्याच्या राजधानीपर्यंत, कुमासीपर्यंत.

“झाला का तो?” दादाने विचारलं.

नाही झाला. मे १८१८ मध्ये तो तिथेच तापाने गेला, एल्मिनाच्या डच दफनभूमीत त्याला पुरलं. पण जगला असता तरी झाला असता असं मला वाटत नाही. कुमासीत आशांतेचा राजा स्वतंत्र होता, आणि त्याच्याकडे हुकमासरशी माणसं पाठवणारे बुपाती डान्डल्सच्या हाताखाली नव्हते.